कायमचा बॅन लावला की शिवीगाळ करणारा खेळाडू सुधारतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात कॉलेजच्या मुलांसाठी तुम्ही व्हॅलोरंट या टीमनं खेळायच्या शूटिंग गेमची लीग चालवता. त्यातला एक हुशार खेळाडू मॅच हातातून जायला लागली की स्वतःच्याच टीममेट्सना माइकवरून आई-बहिणीवरून शिव्या घालतो. बाकीची पोरं ‘याला कायमचा काढा’ म्हणून मागे लागली आहेत. तर कायमच्या बॅननं असे खेळाडू सुधारतात का, आणि मोठ्या कंपन्यांचा अनुभव काय सांगतो?

मी ऑनलाइन गेम्सच्या मॉडरेशनमध्ये बरीच वर्षं आहे. रिपोर्ट तपासायचे, बॅन लावायचे आणि ‘बॅन उठवा’ म्हणून आलेले अर्ज वाचायचे, हे माझं रोजचं काम. त्या जोरावर सांगतो: कायमच्या बॅननं खेळाडू सुधारत नाही. तो तिथून जातो, एवढंच. त्याला घालवणं कित्येकदा गरजेचं असतं आणि तेव्हा मी ते मागेपुढे न बघता करतो. पण घालवलं म्हणून तो सुधारेल असं धरून चाललात, तर हिशेब चुकेल. सुधारणा होते ती वेगळ्या गोष्टींनी, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी कंपन्यांपेक्षा तुमच्या हातात जास्त आहेत.

या बाबतीत सगळ्यात मोठा प्रयोग व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट गेम्सनं त्यांच्या ‘लीग ऑफ लेजंड्स’ या गेममध्ये केला. 2009 साली आलेला हा गेम. पाच जणांची टीम, अर्ध्या-पाऊण तासाची मॅच, आणि एकानं घाण केली तर भोगायचं पाचही जणांनी. भांडणं होणारच. 2011 मध्ये कंपनीनं ‘ट्रायब्युनल’ सुरू केलं. रिपोर्ट झालेल्या खेळाडूचं चॅट इतर खेळाडूंसमोर ठेवायचं आणि त्यांनीच मत द्यायचं, शिक्षा की माफी. 2014 मध्ये ते बंद झालं, पण तोवर एवढी माहिती जमली होती की तिच्यावर पुढे संशोधन झालं. 2015 च्या एका शोधनिबंधात 1 कोटीहून जास्त रिपोर्ट आणि जवळपास 14 लाख 60 हजार खेळाडू तपासले गेले होते.

रायटमध्ये हे काम जेफ्री लिन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली चालायचं. त्यांच्या टीमला जे सापडलं ते मला आजही या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सतत, प्रत्येक मॅचमध्ये घाण बोलणारे खेळाडू सुमारे 1% होते, आणि एकूण घाणीपैकी त्यांचा वाटा जेमतेम 5% होता. म्हणजे त्या सगळ्यांना एका रात्रीत कायमचं हाकललं असतं, तरी 95% शिवीगाळ जागच्या जागी राहिली असती. उरलेली शिवीगाळ कुणाची? एरवी बरे वागणाऱ्या, पण त्या दिवशी डोकं फिरलेल्या लोकांची.

हे मी रोज बघतो. रिपोर्ट झालेल्या मॅचचा लॉग, म्हणजे चॅटची नोंद, वरून खाली वाचत गेलं की पहिल्या पाच-सात मिनिटांत तोच खेळाडू ‘नाइस’, ‘चल कव्हर देतो’, ‘सॉरी, माझी चूक’ असं लिहीत असतो. मग कुणीतरी एकटाच पुढे जाऊन मरतो. पुन्हा मरतो. मग एक प्रश्नचिन्ह. मग ‘खेळायचं नसेल तर अनइन्स्टॉल कर’. समोरून उलट उत्तर येतं आणि त्यानंतरच्या दोन मिनिटांत जे येतं ते इथे लिहिण्यासारखं नसतं. वर वेळ बघावी तर रात्रीचा एक वाजून गेलेला, आणि आधीच्या तीन मॅच त्यानं हरलेल्या. या माणसाला कायमचं काढणं म्हणजे पुढे सांभाळून घेता आला असता असा एक खेळाडू गमावणं.

मग त्याला काय लागू पडतं? रायटनं आधी नुसतं कळवून पाहिलं, की तुमच्यावर कारवाई झाली आहे, अमुक प्रकारच्या वर्तनासाठी. निम्मे खेळाडू नंतर ताळ्यावर राहिले. मग निर्णय का झाला हे समजावून सांगायला सुरुवात केली. आकडा 65% वर गेला. मग त्याच पत्रात खेळाडूचे स्वतःचे शब्द, चॅटमधून जसेच्या तसे, समोर ठेवले. 70%. शिक्षा तीच, फक्त तिच्यासोबत पुरावा आणि कारण. 2015 मध्ये त्यांनी मॅच संपल्यावर पंधरा मिनिटांच्या आत निकाल देणारी यंत्रणा आणली, आणि त्या सुमारास लिन यांनी जाहीर केलं की एकदा शिक्षा झालेल्यांपैकी 91.6% खेळाडू पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

हे आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत, आणि ‘सुधारला’ याचा तिथला अर्थ ‘पुन्हा पकडला गेला नाही’ एवढाच आहे. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये 2023 मध्ये आवाज ऐकून शिवीगाळ पकडणारी यंत्रणा आली, तेव्हा तो गेम काढणाऱ्या ॲक्टिव्हिजननं सांगितलेला आकडा पाहा: पहिल्या ताकिदीनंतर पुन्हा गुन्हा न करणारे 20%. एकीकडे 91, दुसरीकडे 20. गेम वेगळा, लेखी चॅट आणि आवाज हा फरक, पकडण्याची आणि मोजण्याची पद्धत वेगळी. म्हणून एका गेमचा आकडा उचलून दुसऱ्यावर ठेवू नका. पण एका कंपनीच्या आत, त्याच मोजपट्टीनं 50 चे 70 होतात आणि मधे शिक्षा कडक झालेली नसते, ही गोष्ट पक्की धरा.

आता कायमच्या बॅनचा आकडा कसा दिसतो ते सांगतो, कारण इथेच भलेभले फसतात. ज्या अकाउंटवर कायमचा बॅन लागला, त्याच्याकडून पुढचे गुन्हे किती? शून्य. तक्त्यावर हे शंभर टक्के यश दिसतं. तो माणूस मात्र त्याच संध्याकाळी नव्या ईमेलवरून आत आलेला असतो. फुकटच्या गेममध्ये नवी आयडी बनवायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. आणि तो येतो कुठे? तळाच्या रँकला, नवख्यांमध्ये. काल तो स्वतःच्या तोडीच्या खेळाडूंना शिव्या घालत होता, आज गेम शिकायला आलेल्या चौदा वर्षांच्या पोराला घालतोय. शिवाय आता त्याला गमवायलाही काही नाही. अकाउंट आजचंच आहे, गेलं तर गेलं. मी पाहिलेल्या सगळ्यात वाईट वागणुकीतली बरीचशी या ‘दुसऱ्या जन्मा’तल्या आयड्यांवरची आहे.

वाल्व्ह या कंपनीनं त्यांच्या डोटा 2 या गेममध्ये या दुखण्यावर बोट ठेवलं. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांनी 90 हजार स्मर्फ अकाउंट बंद केली, म्हणजे मुरलेल्या खेळाडूंनी नवख्यांत घुसायला काढलेली जास्तीची अकाउंट. पण खरी धार पुढच्या वाक्यात होती: प्रत्येक स्मर्फचं मूळ अकाउंट आम्ही शोधलं आहे, आणि यापुढे शिक्षा त्या मूळ अकाउंटलाही होऊ शकते. वर्षानुवर्षं जपलेली रँक आणि आयटम जिथे आहेत, तिथे हात घातला की माणूस विचार करतो.

ओव्हरवॉच 2 या गेमनं 2022 मध्ये फोन नंबर मागायला सुरुवात केली, त्यामागे हाच विचार होता. आपल्याकडे बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार) ओटीपीवर चालतो, आणि चीटिंग करणाऱ्यांचा फोनच ब्लॉक करायला त्याच्या क्राफ्टन कंपनीनं डिसेंबर 2021 मध्ये सुरुवात केली. चीटिंगपुरतं हे समजू शकतो. शिवीगाळीसाठी फोन ब्लॉक करायच्या मी विरोधात आहे. आपल्या घरांत एकाच फोनवर थोरला, धाकटा आणि मामाचा मुलगा असे तिघं खेळतात. फोन पुढे सेकंडहँड विकला जातो. गेमिंग कॅफेच्या पीसीवर तर दिवसभरात किती जण बसतात त्याला गणतीच नाही. शिक्षा कुणाला आणि भोगतो कोण, अशी गत होते.

तुम्ही म्हणाल, पण नावाजलेले खेळाडू बॅननंतर सुधारल्याचं आपण ऐकतो की. खरंय. लीग ऑफ लेजंड्समध्येच तीन नावं नेहमी पुढे येतात. अमेरिकन प्रो ख्रिश्चन रिव्हेरा, ‘आयविलडॉमिनेट’ या नावानं खेळणारा: डिसेंबर 2012 मध्ये त्याची अकाउंट गेली आणि वर्षभर व्यावसायिक स्पर्धांत खेळायला बंदी आली. डेन्मार्कचा निकोलाय येन्सेन: 2013 मध्ये बेमुदत बंदी, 2015 मध्ये ती उठली, त्याच वर्षी क्लाउड9 या टीममध्ये आला आणि वर्ल्ड्सपर्यंत, म्हणजे जागतिक स्पर्धेपर्यंत गेला. आणि स्ट्रीमर टायलर1: 2016 मध्ये रायटनं जाहीर केलं की हा ज्या अकाउंटवर दिसेल ते बंद होईल, जानेवारी 2018 मध्ये तो परतला तेव्हा पहिल्याच दिवशी साडेतीन लाखांहून जास्त लोक एकाच वेळी त्याचा स्ट्रीम बघत होते.

तिघांच्याही बाबतीत नीट पाहा. एकालाही ‘तू मेलास, परत येऊ नकोस’ असं झालं नाही. रिव्हेराच्या बंदीला तारीख होती. येन्सेनच्या आणि टायलरच्या बंदीला तारीख नव्हती, पण वागणूक तपासून ती उठवता येईल अशी वाट होती, आणि कंपनी बघत होती. तिघांकडेही असं काहीतरी होतं जे नव्या ईमेलनं परत मिळत नाही: नाव, करिअर, पोटापाण्याचा धंदा. रिव्हेरानं नंतर मुलाखतीत सांगितलं की आपण चांगला प्रभावही टाकू शकतो हे रायट मधे पडल्यावरच त्याच्या लक्षात आलं. मला यातून एवढंच दिसतं, की बंद दारापेक्षा बंद पण किल्ली असलेलं दार माणसाला बदलवतं. सामान्य खेळाडूला मिळतं ते बिनकिल्लीचं दार, आणि शेजारी नव्या अकाउंटची उघडी खिडकी.

अर्जांबद्दल थोडं सांगतो, कारण सुधारणा होते की नाही हे मला तिथेच दिसतं. कायमच्या बॅननंतरचे अर्ज बहुतेक तीन साच्यांतले असतात. ‘माझा लहान भाऊ खेळत होता.’ ‘आधी त्यानं शिवी दिली, त्याला का नाही काढलं?’ आणि ‘माझ्या हजारो रुपयांच्या स्किन्स (गेममधले विकतचे साज) आहेत, पैसे परत द्या.’ तिन्हींत राग कंपनीवर असतो. ज्याला शिवी दिली, तो माणूस अर्जात कुठेच नसतो. मला हे खटकतं, पण कारणही कळतं: आम्ही त्याला काय सांगितलेलं असतं? ‘नियमभंगामुळे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे.’ या वाक्यात तरी तो दुसरा माणूस कुठे आहे?

एका मुलानं मात्र लॉग मागितला. ‘मी नक्की काय बोललो ते दाखवा.’ मी त्याच्या ओळी काढून पाठवल्या, फक्त त्याच्या, क्रमानं, वेळेसकट. दोन दिवस काही नाही. मग उत्तर आलं: ‘हे मी लिहिलंय? त्या पोराची आई वारलेली असली तर?’ त्याचा बॅन उठवून चॅट आणि माइक बंद या अटीवर त्याला परत घेतलं. पुढे माझ्याकडे येणाऱ्या रिपोर्टच्या रांगेत त्याची आयडी आली नाही. रांगेत नाव न येणं, यापलीकडे पुरावा माझ्या कामात मिळत नाही.

भारतातल्या सर्व्हरवर एक वेगळी अडचण आहे आणि ती कुणी पुरेशी मनावर घेत नाही. स्वयंचलित फिल्टर इंग्रजी शिवी अचूक पकडतो. मराठी-हिंदी शिवी लोक रोमन लिपीत लिहितात, दर वेळी वेगळ्या स्पेलिंगनं, मधे टिंब नाहीतर आकडा घालून. ती सुटते. माइकवरची तर सुटतेच. त्यामुळे इथला खेळाडू कितीतरी महिने तीच भाषा वापरत राहतो आणि काहीच होत नाही. मग एखाद्या रात्री चौघांनी मिळून रिपोर्ट केला की सगळं एकदम बाहेर येतं आणि थेट कायमचा बॅन. त्याच्या बाजूनं विचार करा: कालपर्यंत जे चालत होतं ते आज का नाही चालत? तो याला अन्याय म्हणतो, आणि अन्याय झाला असं वाटणारा माणूस सुधारत नाही. चेझारे बेकारियानं 1764 मध्ये इटलीत गुन्हे आणि शिक्षा यांवर लिहिताना सांगून ठेवलंय, की शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती नक्की होणार आणि लगेच होणार, याचा वचक जास्त असतो. गेममध्ये आपण बरोब्बर उलटं करतो: क्वचित, उशिरा, आणि एकदम जबर.

लहान, लगेच मिळणारी आणि ठरलेली शिक्षा कंपन्यांना स्वस्तही पडते. सीएस:गो (काउंटर-स्ट्राइक) या शूटिंग गेममध्ये वाल्व्हनं फेब्रुवारी 2020 मध्ये असं केलं, की ज्याच्यावर शिवीगाळीचे रिपोर्ट फार येतात त्याला आधी ताकीद, आणि नाही ऐकलं तर तो सगळ्यांसाठी आपोआप म्यूट. खेळ चालू, तोंड बंद. एक्सबॉक्सनं 2023 मध्ये आठ स्ट्राइक्सची, म्हणजे नियमभंगाच्या आठ खुणांची पद्धत आणली. आठ भरले तर वर्षभर चॅट, पार्टी, मेसेज सगळं बंद, पण प्रत्येक स्ट्राइक सहा महिन्यांनी पुसला जातो. खेळाडूला आपण कुठे उभे आहोत हे दिसतं आणि वागणं सुधारलं तर पाटी कोरी होते. कधी कधी तर शिक्षेचीही गरज पडत नाही: रायटनं समोरच्या टीमशी होणारं चॅट नुसतं बंद करून ठेवलं, ज्याला हवं त्यानं चालू करावं. चॅटचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं, पण त्यातलं वाईट बोलणं 32% च्या वर घटलं आणि चांगलं बोलणं सुमारे 35% नं वाढलं.

एवढं सगळं सांगूनही काही बाबतींत मी सुधारणेचा विचारच करत नाही. जिवे मारायची किंवा बलात्काराची धमकी. कुणाचा पत्ता, फोन नंबर किंवा फोटो बाहेर टाकणं. अल्पवयीन मुलाशी लैंगिक बोलणं. एखाद्या मुलीचा मॅचमागून मॅच पाठलाग करणं. इथे पहिल्याच वेळी कायमचा बॅन, आणि जिथे लागू असेल तिथे पोलिसांकडे. इथे बॅन त्याच्यासाठी नसतो, जी माणसं मागे राहिली आहेत त्यांच्यासाठी असतो. माइक चालू करून ‘एक इकडे आहे’ एवढंच म्हटल्यावर ज्या मुलीला लॉबीभर ऐकून घ्यावं लागतं, ती पुढच्या वेळी माइक चालू करत नाही. कित्येक जणी कायमच्या माइक बंद ठेवून खेळतात. तो सुधारतो की नाही याची वाट तिनं का बघावी? ‘बॅननं सुधारणा होते का’ हा प्रश्न विचारताना आपण सगळे नकळत शिवी देणाऱ्याच्या बाजूला बसून बोलतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आता तुमचा मुलगा. तुमच्याकडे असं काहीतरी आहे जे रायटकडे नाही, वाल्व्हकडे नाही: तुम्ही त्याला चेहऱ्यानं ओळखता. नोंदणी कॉलेजच्या ओळखपत्रावर आहे, त्यामुळे तो नवी आयडी काढून परत येऊ शकत नाही. तुमची दोन मॅचची बंदी म्हणूनच कंपनीच्या कायमच्या बॅनपेक्षा जास्त लागेल.

पुढच्या मॅचेस रेकॉर्ड करा, आणि रेकॉर्डिंग होतंय हे सगळ्यांना आधी सांगा. त्यानं पुन्हा केलं तर त्याच संध्याकाळी त्याला एकट्याला बोलवा आणि त्याचे शब्द त्याला ऐकवा. सगळ्यांसमोर अजिबात नाही. तिथे तो माफी मागणार नाही, भांडेल. दोन मॅच बाहेर, आणि परत आल्यावर महिनाभर माइकऐवजी फक्त पिंग, म्हणजे बटण दाबून नकाशावर करायची खूण. त्याच्यासाठी टीमचे गुण कापू नका. तसं केलंत तर पुढच्या वेळी टीममेट्सच तुमच्यापासून लपवतील. कॅप्टनला मात्र अधिकार द्या, की हा मुलगा तापायला लागला की टाइमआउट घ्यायचा. बहुतेक स्फोटांच्या आधी दोन-तीन राउंड आवाज चढत गेलेला असतो आणि टीमला ते ऐकू येतं. तरीही तिसऱ्यांदा झालं तर सीझनभर बाहेर, आणि परत अर्ज कधी करता येईल त्याची तारीख त्याच पत्रात लिहून द्या. यात धमकी असेल, किंवा एखाद्या मुलीला लक्ष्य केलं असेल, तर हे काहीही नको. त्याच दिवशी काढा.

आणि परत यायचा अर्ज आला तर त्यात आपण काय केलं हे त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहायला हवं. अर्ज वाचणाऱ्यांत ज्या टीमनं शिव्या ऐकल्या तिच्यातला एक जण बसवा. पण शेवटचा निर्णय त्या टीममेटच्या गळ्यात घालू नका. तो तुम्ही घ्या आणि तुमच्या नावानं कळवा, नाहीतर उद्या कॉलेजच्या कट्ट्यावर त्या पोरालाच त्याचं उत्तर देत बसावं लागेल.